जळगाव, पण जामोदचं

आमचे मामा घाटाखाली, जळगाव जामोदला असतात. संत्र्याची रोपवाटिका आहे. जंभेरीच्या रोपावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरायचा, वर प्लॅस्टिकची पट्टी आवळायची आणि पुढच्या रोपासमोर बुड सरकवायचं, हे काम ते चाळीस वर्षं करताहेत. त्यांनी भरलेला डोळा सहसा मरत नाही. मागच्या वर्षी त्यांच्या धाकट्यानं रोपवाटिकेची वेबसाइट काढली. पहिल्या पंधरा दिवसांत नऊ फोन आले. त्यांतल्या सात जणांनी एकच विचारलं, "केळीची रोपं आहेत का?"

केळीचं जळगाव खानदेशातलं, आमचं वऱ्हाडातलं. हा घोळ काही इंटरनेटनं घातलेला नाही. त्या जळगावाहून वेगळं ओळखू यावं म्हणून तर शेजारच्या जामोद गावाचं नाव आमच्या जळगावला जोडलेलं आहे. आता वेबसाइटवाले ज्याला नेमका कीवर्ड म्हणतात आणि पैसे घेऊन शोधून देतात, ते काम आमच्या पूर्वजांनी फुकटात उरकलं होतं. पण मोबाइलवर शोधणारा माणूस 'जळगाव' एवढंच टाइप करतो. जामोद लिहीपर्यंत त्याचा अंगठा दमतो.

जिल्ह्याच्या नावाची तर बातच सोडा. भिल्ल ठाणा यावरून ते आलं म्हणतात. पण पुढे 'बुलडाणा' की 'बुलढाणा' यावर पाट्यांचं अजून एकमत नाही. रोमन लिपीत एच लावणारे आणि न लावणारे असे दोन पंथ आहेत. मी हयातभर बुलढाण्यात राहिलो आणि नोकरीच्या कागदांवर दोन्ही गावांचा रहिवासी निघालो.

मी कॉम्प्युटरवर बसतो म्हणजे मला यातलं कळतं, अशी मामांची समजूत. "बापू, तू पाहून घे," असं म्हणून त्यांनी वेबसाइट माझ्या गळ्यात घातली. त्याआधी धाकट्यानं पुण्याच्या एका माणसाला काम दिलं होतं. तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणतो, अशी त्याची हमी. आमच्या तालुक्याला भाकितांचं अप्रूप नाही. भेंडवळ इथलंच. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, भोवती अठरा धान्यं, मध्ये घागर, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचं भाकीत. ते खरं ठरतं की नाही यावर दरवर्षी वाद होतो. पण घट मांडणारे वर्षाचं हप्त्याहप्त्यानं बिल तरी पाठवत नाहीत.

त्या माणसानं लिहिलेलं पान मामांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "जळगाव जामोद संत्रा रोपे. उत्तम संत्रा रोपे. स्वस्त संत्रा रोपे. संत्रा रोपे हवी असल्यास आमची संत्रा रोपे घ्या." इथं ते थांबले. "हे काय पारायण हाय का रे?"

एके काळी असलं पारायण चालायचं. काही जण तर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द पेरून ठेवत. माणसाला दिसत नसत, यंत्राला दिसत. मग यंत्रंही शहाणी झाली. २०११ साली गूगलनं 'पांडा' नावाची सुधारणा आणली आणि पोकळ पानं खाली ढकलली.

मग वर कोण जातं, असं मामांनी विचारलं. मी त्यांना १९९८ची गोष्ट सांगितली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी असं मांडलं, की एखादं पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा दुसरी किती पानं त्याच्याकडे बोट दाखवतात हे बघावं. त्यातही बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर त्याच्या शब्दाला जास्त किंमत.

मामांनी चाकू खाली ठेवला. "म्हंजे सोयरीक," ते म्हणाले. "पोरगं सोताबद्दल सांगते ते कोन ऐकते? मधात कोन हाय ते आपन पाह्यतो."

मी गेली दहा वर्षं हे समजून घेतोय. मामांना पाऊण मिनिट लागलं.

त्या माणसानं आमच्याकडे बोट दाखवणारे मध्यस्थही विकत आणले होते. मी यादी काढली. निम्म्याहून जास्त दुवे ऑनलाइन जुगाराच्या पानांवरचे. "आता जुगाराच्या अड्ड्यावरचा मानूस आपल्या पोरीचं स्थळ सुचवून राह्यला म्हना," मामा म्हणाले. असल्या भाडोत्री मध्यस्थांसाठी गूगलनं २०१२ साली 'पेंग्विन' सोडला होता. त्या माणसाचे पैसे बंद केले, म्हणजे मामांच्या भाषेत बागेला ताण दिला.

फुकटात जगाच्या नजरेत येण्याचा मान जिल्ह्यात लोणारचा. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि नासानं उपग्रहातून टिपलेली छायाचित्रं प्रसिद्ध केली. पाण्यात वाढलेल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचं ते रंगकाम. मामांच्या विहिरीचं पाणी आहे त्याच रंगाचं राहिलं, तेव्हा आम्हाला साधे उपाय करावे लागले.

नकाशावरची खूण आधी चुकून पोलीस ठाण्यावर होती, ती रोपवाटिकेच्या फाटकावर आणली. परदेशातल्या बागेचा उसना फोटो काढून मामांच्या हातातल्या कलमाचा टाकला. त्यात नखाखालची मातीही दिसते. आणि फोनवर लोक खरोखर विचारतात ते प्रश्न, उत्तरांसकट, त्यांच्याच भाषेत लिहिले: कलम केव्हा लावावं, चुनखडीच्या जमिनीत चालेल का, मृग बहार धरावा की आंबिया. शेवटी मामांच्या आग्रहानं ठळक अक्षरांत एक ओळ घातली: 'जळगाव जामोद येथील आमच्या रोपवाटिकेत केळीची रोपे मिळत नाहीत.'

महिनाभरात फोन तिपटीवर गेले. बहुतेक केळीचेच. यंत्रानं जळगाव वाचलं, केळीची रोपे वाचली, आणि 'नाहीत' हा शब्द बहुधा सोडून दिला.

मी ती ओळ काढायला निघालो तर मामांनी हात धरला. यंदाच्या जूनमध्ये त्यांनी दोन हजार केळीची रोपं आणून शेडनेटमध्ये ठेवली आहेत. आणली जळगावहून. जामोदच्या नव्हे.