पाठकोरे हेडसर

तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतही ते असणारच. खिशात दोन पेनं, त्यातलं एक संपलेलं. रिफिल कधीतरी मिळेल या आशेवर जपलेलं. काखेत हजेरीपट, गाडीच्या हँडलला पिशवी आणि पिशवीत कागदांचा गठ्ठा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांना हेडसर म्हणतात. माझं झेरॉक्सचं दुकान नेमकं शाळेच्या वाटेवर असल्यामुळे त्यांची माझी ओळख नको तितकी दाट आहे.

“भाऊ, पालकसभेच्या नोटिसा काढायच्यात. कागद माझा.”

‘कागद माझा’ हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. हेडसरांचा कागद म्हणजे पाठकोरा. एका अंगाला जुनी चाचणी, दुसरं अंग कोरं, कोपऱ्यात पिन उपटल्याची भोकं. असला कागद मशीनमध्ये गेला की अर्ध्या वाटेत रुसून बसतो. मी झाकण उघडून, कोपरापर्यंत काळा होऊन त्याला बाहेर ओढतो. हेडसर शांतपणे विचारतात, “फाटला तर नाही ना?”

एका नोटिशीच्या पाठीवर दुसरीचा पेपर होता. सभेच्या दिवशी दोन आज्या नातवंडांकडून गाळलेल्या जागा भरून घेऊन आल्या. हेडसरांनी तिथल्या तिथे लाल पेनानं तपासून दिल्या आणि म्हणाले, “उत्तरं बरोबर आहेत, पण खाली पालकाची सही राहिली.” एका बाईंना किरकोळ रजा नामंजूर झाल्याचं पत्र ‘माझा आवडता सण’ या निबंधाच्या पाठीवर मिळालं. बाईंनी दोन्ही बाजू वाचल्या आणि निबंधावरच जास्त रडल्या, असं शाळेत सांगतात. वरच्या ऑफिसात जाणारा कागद तेवढा कोरा करकरीत. त्याची एक रीम कपाटात कुलपात असते आणि किल्ली जानव्याला.

कळस झाला तो २६ जानेवारीला. भाषण अर्थातच पाठकोऱ्यावर. वाऱ्यानं पान उलटलं. हेडसर त्याच चढ्या आवाजात म्हणाले, “प्रजासत्ताकाच्या या मंगल दिनी आपण सर्वांनी शपथ घेऊ या की, मागील शिल्लक तांदूळ एकशे दहा किलो, मूगडाळ निरंक...” सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग गावानं वाजवल्या. एवढं मुद्देसूद भाषण आमच्याकडे त्याआधी झालेलं नव्हतं.

या कंजुषीला कारण नाही असं मी म्हणणार नाही. समग्र शिक्षातून शाळेला वर्षाकाठी संयुक्त अनुदान मिळतं. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. यात खडू, वीजबिल, नळाची तोटी, गळकं छप्पर, फुटलेला फळा सगळं बसवायचं. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. पैसा मात्र वर्षभर ‘येतोय’ असतो आणि मार्च सरता सरता येतो. ३१ तारखेच्या आत खर्च झाला नाही तर आल्या वाटेनं परत जातो. म्हणून अकरा महिने किराणा दुकानदारापासून वायरमनपर्यंत सगळ्यांची उधारी आणि शेवटच्या आठवड्यात हेडसर नव्या नवरदेवासारखे खरेदीला निघालेले. एका मार्चमध्ये शाळेत खडूचा तुकडा नव्हता, पण झाडू इतके होते की गॅदरिंगच्या नाटकात मावळ्यांना भाले म्हणून दिले.

आमच्या शाळेचा पट ९८. म्हणजे २५ हजार आणि ५० हजार यांच्यामध्ये तीन लेकरं उभी. जूनपासून हेडसर त्या तिघांच्या शोधात. गावात कुणाकडे पाहुणे आले की हे दारात हजर: “मुक्काम किती दिवस? दाखला आणलाय का?” बारशाला गेले तर पाळण्यात डोकावून मनातल्या मनात सहा वर्षं मिळवतात. एकदा एका नवरीला आहेराचं पाकीट देताना म्हणाले, “आपल्याच शाळेत घाला बरं का.” पाकीटही पाठकोऱ्या कागदाचं होतं.

आता सुट्ट्या. “मास्तरांचं बरं आहे” म्हणणाऱ्यांनी एक मे महिना हेडसरांच्या मागे हिंडावं. वर्षाच्या सुट्ट्या ७६ च्या आत बसवायच्या असा दंडक आहे; हेडसर त्या जोंधळ्यासारख्या मोजतात. मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या म्हणून ज्या दोन-तीन असतात, त्या जत्रेलासुद्धा सुटत नाहीत. “अडीअडचणीला असू द्या,” म्हणतात, आणि एप्रिल संपला तरी त्या शिल्लकच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या बाहेरच्या कामाला जुंपू नये असं लिहिलंय. ही तिन्ही कामं बरोबर सुट्टीचा मुहूर्त धरून येतात. त्यातून वाचलेल्या दिवसांत पुस्तकांचे गठ्ठे केंद्रावरून आणायचे, दाखले शोधायचे, पोर्टलवर माहिती भरायची. रविवारी दुपारी, जेवणाच्या पहिल्या घासाला केंद्रप्रमुखांचा मेसेज: ‘तात्काळ. आज सायंकाळी ५ पर्यंत.’ हेडसरांची बायको त्या आवाजाला सवत म्हणते.

पण हेडसरांची खरी धावपळ दिवाळीच्या सुट्टीत. आमच्याकडे दिवाळी म्हणजे कोयता निघायची वेळ. मुकादमाची उचल अंगावर असते, कारखान्यांचे बॉयलर पेटतात, ट्रक येतात. भांडीकुंडी, शेळी आणि लेकरं वर चढतात आणि गाव निम्मं होतं. ते परतणार मार्च-एप्रिलमध्ये. या दिवसांत हेडसर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या ओसऱ्या झिजवतात. त्यांच्याकडे एक यादी असते, कशावर लिहिलेली ते सांगायला नको. आजीला म्हणतात, “म्हातारे, दोघांना तुझ्याजवळ ठेव. दुपारचं जेवण शाळेत, रात्रीचं मी हंगामी वसतिगृहात बघतो.” बापाला म्हणतात, “पोरगी फडावर नेलीस तर वाढं बांधील आणि धाकट्याला सांभाळील. चौथीत आहे, भागाकार अर्धा झालाय. तेवढा पुरा होऊ दे.” बाप मान खाली घालतो. कधी पोरगी राहते, कधी ट्रक तिला घेऊन जातो. एका संध्याकाळी अंगणात फराळ चालू असताना हेडसर असेच एका ओसरीवर बसलेले दिसले. समोरचा चिवडा त्यांनी पुडीत बांधून घेतला. आता पुडीच्या कागदावरही सातवीचा इतिहास दिसत होता.

पारावरची माणसं म्हणतात, पट टिकवायला हिंडतोय, अनुदानासाठी. मला हा हिशेब जमेना. शाळेचा पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा. कोयता निघतो त्याच्यानंतर. तेव्हा लेकरू राहिलं काय आणि गेलं काय, त्या वर्षीच्या कागदावर काही हलत नाही. मी तसं तोंडावर म्हणालो.

हेडसर भडकले. “हलत कसं नाही? पहिली ते पाचवीला रोज शंभर ग्रॅम, पुढं दीडशे. लेकरं गेली की तांदूळ उरतो, त्याला टोके पडतात. त्याचा हिशेब तुम्ही लिहिणार का?”

त्या दिवाळीला नेहमीपेक्षा बरीच लेकरं मागे राहिली. डिसेंबरात तांदूळ पुरेना, कारण पट घटणार असं धरून हेडसरांनीच मागणी कमी कळवली होती. मग तालुक्याला फेऱ्या सुरू झाल्या, पेट्रोल स्वतःचं. वाटेत जो भेटेल त्याला गाडी थांबवून ते सांगत होते, “काय सांगू भाऊ, या लेकरांनी माझा सगळा हिशेब बिघडवला.”