खंड्याचा गनिमी कावा: छायाचित्रकारांसाठी सूचना

कुरुंदवाडच्या घाटावर पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेल्याने आधी गनिमी काव्याने मोगलांना हैराण करणाऱ्या संताजी घोरपड्यांच्या समाधीचं दर्शन घ्यावं. समाधी घाटावरच आहे, वाट वाकडी करावी लागत नाही. हात जोडताना एवढं ध्यानात धरावं, की या मोहिमेत आपण मोगलांच्या बाजूने आहोत. लांबलचक लेन्स, ट्रायपॉड, घडीची खुर्ची, नृसिंहवाडीची बासुंदी हा लवाजमा आपला, गनीम सडाफटिंग.

ट्रायपॉड उभा केला की माणसं जमणार. २००५ आणि २०१९चा पूर इथं कुणी विसरलेलं नाही. "पावणं, पूररेषेची मोजणी हाय काय?" असं कुणीतरी विचारतंच. "पक्ष्याचा फोटो काढतोय," हे खरं उत्तर कुणाला पटत नाही आणि "होय" म्हणालात तर लोक सातबारा घेऊन येतील. नुसती मान डोलवावी.

आता कवड्या खंड्या. हा काळापांढरा पक्षी पाण्यावर एकाच जागी पंख मारत थांबतो, चोच सरळ खाली. ही आपल्यासाठी केलेली सोय आहे असं वाटतं. शटर १/२००० वर ठेवावं, श्वास रोखावा, फोकस लागू द्यावा. तो लागला की खंड्या पंख मिटून सूर मारतो आणि फोटोत पाण्यावरची वर्तुळं येतात. ती पुसू नयेत, वर्तुळांचा संग्रह चांगला होतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच, तोही मधे तुटलेला. आपले फोटो पाठमोरे येत असल्याने ही भानगड उरत नाही.

गनीम उसात शिरला तर पाठलाग करू नये. पाती हात कापतात आणि शेतमालक निराळ्याच कामाला आलात असं समजतो.

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. घरटं विणतो नर. अर्धं झालं की मादी ते पाहायला येते, पसंत पडलं नाही तर निघून जाते. नेमकं तेव्हा आपण लेन्स रोखून फांदीखाली गेलो तर बिचाऱ्याचं ठरत आलेलं मोडतं. इथं विनोद पुरे. लांबच उभं राहावं, आड येणारी फांदी छाटू नये.

खात्रीचा फोटो हवाच असेल तर वंचक हा बगळा गाठावा. काठावर तो कितीतरी वेळ हलत नाही. आपण कुणाला दिसत नाही अशी त्याची खात्री असते आणि ती रास्त असते. पंख मिटलेले असताना तो चिखलाच्या रंगाचा, उडाला की पांढराफेक. बसलेला असतो तेव्हा फोटोत दिसत नाही, दिसू लागतो तेव्हा फोटोत नसतो. बसलेलाच टिपावा आणि घरी बोट ठेवून "ही चोच, हा डोळा" असं ठासून सांगावं. सासरेबुवा "दगड छान आलाय" म्हणाले तर वाद घालू नये. दगडही असू शकतो.