नानांची ए ड्राइव्ह

भोसरी एमआयडीसीतल्या जुन्या वर्कशॉपमध्ये शिरलात की एक नाना भेटतातच. हुद्दा मेंटेनन्सचा असो की स्टोअरचा, कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. नानांचा जीव दोन गोष्टींत अडकलेला: फ्लॉपी आणि घाई.

फ्लॉपीचं एक वेळ समजू शकतं. शेडमधलं नव्वदच्या दशकातलं सीएनसी मशीन अजून मायक्रॉनला मायक्रॉन काम देतं, पण प्रोग्रॅम फ्लॉपीवरूनच घेतं. ते बदलायला मालकाचा हात खिशात जात नाही. त्यामुळे ऑफिसातल्या पीसीलाही फ्लॉपी ड्राइव्ह हवीच. सोनीने 2011 मध्ये जपानात फ्लॉपी विकणं बंद केलं, पण नानांचं गोदरेजचं कपाट त्याआधीच भरलं होतं. लेबलं निळ्या बॉलपेनने लिहिलेली: ‘शाफ्ट नवा’, ‘शाफ्ट नवा खरा’, ‘शाफ्ट हाच घेणे’. कुणी हसलं तर नाना खिशातून कात्रण काढतात. बोइंग 747-400 विमानात दिशादर्शनाची माहिती दर 28 दिवसांनी फ्लॉपीवरून भरतात, असं 2020 मध्ये छापून आलं होतं. “विमान चालतं, तुमचा शाफ्ट नाही चालत?”

घाईचं मात्र काही समजत नाही. पीसीचं बटण दाबलं की नाना मोबाइलवर स्टॉपवॉच लावतात. 2008 मध्ये इंटेलच्या दोन अभियंत्यांनी ई-पीसी या चिमुकल्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे नानांच्या पीसीतलीच प्रणाली, पाच सेकंदांत सुरू करून दाखवलं, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि घात झाला. तेव्हापासून सहावा सेकंद लागला की नाना पीसीकडे उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे बघतात. सुरू झाला की चहाला जातात, ते अर्धा तास येत नाहीत, हा भाग वेगळा.

आता गंमत अशी, की पीसी रखडतो तो फ्लॉपीपायीच. ड्राइव्हच्या पोटात काही आहे का, हे तिला नीट विचारायची सोयच नाही. मोटर फिरवायची, मिनिटाला 300 फेऱ्यांचा वेग येईपर्यंत थांबायचं, हेड जागेवर न्यायचं, वाचून बघायचं, आणि हाती काही लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात प्रोसेसरने अब्जावधी हिशेब उरकले असते. शेवटी स्क्रीनवर काय, तर सेक्टर झिरो वाचता येत नाही.

नव्या पोराने विचारलं, “नाना, बायोसमधून फ्लॉपी बंद करू? झटक्यात सुरू होईल.”

“ड्राइव्हला हात लावायचा नाही. आणि सेकंद कमी झाले पाहिजेत.”

हे वाक्य नाना एका श्वासात बोलतात, आणि मला वाटतं यातच त्यांचा मोठेपणा आहे. जुनं फेकून वेगवान व्हायला अक्कल लागत नाही. लिनक्स लिहिणाऱ्यांनाही हा पेच पडला होता. काही उपकरणांची तपासणी बाजूला चालू ठेवून बाकीचं काम पुढे न्यायची सोय त्यांनी 2009 मध्येच केली. पोराने त्याहून सोपं केलं. सुरू होताना फ्लॉपीचा ड्रायव्हर लोडच होऊ द्यायचा नाही. डेस्कटॉपवर एक बटण, ते दाबलं की लोड होणार. नानांनी बटण दाबून दिवा पेटतो का ते पाहिलं, स्टॉपवॉच पाहिलं, आणि “बघू” म्हणाले. नानांच्या तोंडी हे प्रशस्तिपत्रक असतं.

2019 मध्ये लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स याने लिनक्समधला फ्लॉपी ड्रायव्हर अनाथ जाहीर केला. सांभाळणाऱ्याकडे चालू ड्राइव्हच उरली नव्हती. नाना आठवडाभर डबा अर्धा परत नेत होते. पुढे दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घेतली, तेव्हा त्या अनोळखी परदेशी गृहस्थाच्या नावाने भोसरीत पेढे वाटले गेले.

परवा पोराने सीएनसीला एक डबी बसवली. आत पेनड्राइव्ह, पण मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे. प्रोग्रॅम बिनचूक गेला. नाना कान लावून उभे.

“आवाज कुठंय?”

“आवाज कशाला, नाना?”

“काम चालू आहे हे ऑपरेटरला कळायचं कसं?”

तसा टकटक आवाज करणारा छोटा स्पीकर त्या डबीला जोडता येतो, हे पोराने शोधून काढलं. आता तो जोडलाय, आणि नानांची तक्रार आहे की टकटक जरा हळू चालते.