नियम 307च्या कर्त्यास अनावृत पत्र

सन्माननीय नियमकर्ते,



रविवारच्या 'नोमिक'च्या डावात आपला नियम 307 मंजूर झाला, अभिनंदन. दोन फेऱ्या उलटल्या की एकमताची सक्ती संपते, त्यामुळे तिघांत दोन मतं पुरली. विरोधात मी एकटा. त्याबद्दल 204 प्रमाणे 10 गुण माझ्या पदरात पडले, तेव्हा राग नाही.

कायद्याला स्वतःलाच दुरुस्त करता येतं का, या कोड्यापायी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर सुबर यांनी 'नोमिक' हा खेळ रचला. 1982 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधून तो लोकांसमोर आला. त्यात नियम बदलणं हीच चाल. आपली चाल अशी: 'वस्तूही वस्तूची मालक होऊ शकते. मालकाचा जो मालक, तोच वस्तूचा मालक. मालकाच्या परवानगीविना वस्तूला हात लावू नये.'

काय ऐट आहे! पण या जिन्याला माडीच नाही. मालक, त्याचा मालक, त्याचाही मालक... वर कुठेतरी माणूस बसला असेल हे आपण गृहीत धरलंत, लिहिलं नाहीत. 'कोणतीही वस्तू थेट वा आडून स्वतःची मालक होणार नाही', एवढ्या शब्दांना शाई पुरली नाही?

महसूल खात्याला आपण एरवी नावं ठेवता. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 20 सांगतं की ज्या जमिनीला दुसरा धनी नाही, ती सरकारची. 1993 पासून चाललेल्या 'अगोरा' या नोमिकमध्येही बेवारस मालमत्तेसाठी हरवलं-सापडलं खातं आहे.

आपण मात्र स्वतःचा फासा टाकून झाल्यावर हौसेनं फासा पेटीच्या नावे केलात, पेटी पिशवीच्या आणि 'समतोल' म्हणून पिशवी पेटीच्या. झाली पेटी स्वतःचीच मालकीण!

आता पाळी माझी. 202 प्रमाणे फासा टाकल्याशिवाय ती पुरी होत नाही. मी रीतसर परवानगी मागितली. पेटी गप्प, पिशवीही गप्प. वाद घालणार असाल तर 212 प्रमाणे निवाडा माझ्या आधीच्या खेळाडूनं द्यायचा, म्हणजे आपणच. त्याआधी 213 वाचून घ्या: नियमांमुळे खेळ पुढे सरकणं अशक्य झालं, तर ज्याला सर्वांत आधी पाळी पुरी करता येत नाही, तो विजयी.

चहा आपल्याकडून.

आपला,
विजेता