जाताच आहात तर…

स्टॉकहोम 14 बेटांवर वसलेलं आहे हे कळल्याबरोबर आमच्या घरातल्या प्रत्येकाने आपापलं बेट राखून ठेवलं. हिने जुन्या गल्ल्यांचं गामला स्तान घेतलं. चिरंजीवांनी यूरगोर्डन घेतलं, कारण तिथे ‘आब्बा’ या गायकांचं संग्रहालय आहे आणि तिथल्या रंगमंचावर त्यांच्या आभासी प्रतिमांबरोबर आपल्यालाही गाता येतं. बाबांनी नगरभवन मागितलं. आई म्हणाली, “मला कुठलंही चालेल, फक्त चढ नको.” बेट न मागितलेला मी एकटाच उरलो, म्हणून सात दिवसांचा कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडे आलं.

आधी जायचं कधी ते ठरेना. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. “एवढे पैसे भरून अंधार बघायचा? तो लाइट गेली की इथे फुकट दिसतो,” ही म्हणाली. मग जून ठरला. जूनमध्ये सूर्य पहाटे साडेतीनला हजर होतो आणि रात्री दहा वाजून गेले तरी जायचं नाव घेत नाही. आईने विचारलं, “मग दिवेलागण कधी?” याचं उत्तर शोधतोय तोवर तिने पंचांग उघडलं. आमच्या आठवड्यात नेमकी संकष्टी. आपल्याकडे ज्या सुमाराला चंद्र बघून पानावर बसायचं, त्या सुमाराला तिथे अजून सूर्यच आकाशात. “गणपती समजून घेईल,” बाबा म्हणाले. “पोट घेईल का?” आईने विचारलं.

सगळ्यांच्या रजा जुळवून तारखा पक्क्या केल्या, तेव्हा कळलं की त्यांचा मिडसमरचा सणही त्याच आठवड्यात. 19 ते 25 जूनच्या दरम्यान जो शुक्रवार येईल त्या दिवशी स्टॉकहोमची मंडळी डोक्यावर फुलांचे मुकुट घालून गावाकडे निघून जातात. दुकानं बंद, पुष्कळशी संग्रहालयं बंद. सातातला एक दिवस तिथेच गेला.

शेंगेन व्हिसासाठी माणशी 90 युरो भरायचे, शिवाय किमान 30 हजार युरोंचं संरक्षण देणारा विमा उतरवायचा, बँकेचे कागद जोडायचे आणि कोणत्या दिवशी कुठे असाल तेही लिहून द्यायचं. आमच्याकडे उद्या भाजी कोणती हे रात्री अकरापर्यंत ठरत नाही.

सामानाची यादी आईकडे होती. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, हे मी भीत भीत सांगितलं. म्हणजे साजूक तूप गेलं, पेढे गेले, चितळ्यांची बाकरवडी तेवढी वाचली. नारळ मात्र चालतो. थोडक्यात, मोदकाचं सारण विमानातून जाईल आणि वरची तुपाची धार इथेच राहील. बाबांना वेगळाच धक्का बसला. लांबच्या प्रवासाला निघताना ते बनियनला आतून चोरखिसा शिवून घेतात. स्वीडनमध्ये पुष्कळ ठिकाणी रोख पैसे घेतच नाहीत, ‘आब्बा’वाल्यांकडेही नाही. आता त्या चोरखिशात कार्ड जाईल, आणि तिकिटाच्या प्रत्येक खिडकीसमोर बाबा सदऱ्याची बटणं काढतील.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. नोबेलची मेजवानी ज्या नगरभवनात होते, तिथला ‘निळा हॉल’ निळा नाहीच. लाल विटांचा आहे. विटा उभ्या राहिल्यावर वास्तुकाराला त्यांचाच रंग आवडला, त्याने निळा रंग रद्द केला, नाव तेवढं राहिलं. “आमच्या खात्यात असतं तर ऑडिटने निळ्या रंगाचं बिल मागितलं असतं,” बाबा म्हणाले. हॉल बुधवारी टाकला.

तोवर बातमी फुटली होती. मावशीचा फोन आला, “स्टॉकहोमपर्यंत जाताच आहात तर हेलसिंकी करून या, रात्री बोटीत बसलं की सकाळी तिथे.” शेजारच्या काकांनी ऑस्लो सुचवलं. हिच्या मैत्रिणीने भुयारी रेल्वेची रंगवलेली स्टेशनं बघायला सांगितली: तिकीट 75 मिनिटं चालतं, त्यात कितीही वेळा चढाउतरायचं. तेही बसवलं. बसेना तेव्हा झोप कमी केली. तशीही तिथे रात्र कुठे असते?

कार्यक्रमाचा कागद बाबांनी चष्मा लावून वाचला आणि वासा नावाच्या जहाजाची गोष्ट काढली. ते जहाज यूरगोर्डनवरच्या संग्रहालयात आहे. राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने ते बांधून घेतलं: तोफांचे दोन मजले, एकूण 64 तोफा, वर कोरीव पुतळे. तळ अरुंद आणि भार वर. निघण्याआधी चाचणी म्हणून 30 खलाशांना डेकवर या काठावरून त्या काठाला पळवलं. तिसऱ्या खेपेला जहाज इतकं कलंडायला लागलं की चाचणीच थांबवली. जहाज नाही थांबवलं. 10 ऑगस्ट 1628 ला ते निघालं आणि साधारण 1,300 मीटरवर, वाऱ्याच्या झुळकेसरशी बुडालं. वर काढलं ते 1961 साली.

“आपणही चाचणी घेऊ,” बाबा म्हणाले. रविवारी संध्याकाळी मंगळवारच्या कार्यक्रमात होती तेवढी पायपीट आम्ही कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारून करून बघितली. तिसऱ्या फेरीला आई बाकावर बसली आणि म्हणाली, “माझं स्टॉकहोम झालं.” चाचणी थांबवली.

घरी आल्यावर कागद मधे ठेवून सगळे बसले. काहीतरी काढायला हवं यावर एकमत झालं. काय काढायचं म्हटल्यावर मात्र प्रत्येकजण दुसऱ्याच्या बेटाकडे बघायला लागला.

शेवटी आईने विचारलं, “त्या जहाजाच्या बाबतीत दोष कोणाचा ठरला?”

“कोणाचाच नाही,” बाबा म्हणाले. “रीतसर चौकशी झाली, सगळे म्हणाले आम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. शिक्षा कोणालाच झाली नाही.”

हे ऐकून सगळ्यांना फार बरं वाटलं. मी पेन उघडलं आणि मावशीचं हेलसिंकी गुरुवारी बसवलं.