उभी गाडी, चालू कंडिशन

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही जुन्या सोसायटीत स्टिल्टखाली डोकावून बघा. पाण्याच्या पंपाच्या खोलीजवळ, एका खांबाला चिकटून, करड्या कव्हराखाली एक गाडी उभी असते. तिचा मालक वर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ती गाडी विकत असतो. काही माणसं आयुष्यभर वकिली करतात, काही शेती करतात, तसं हा माणूस गाडी विकणं करतो. ते एकदाच होऊन संपणारं काम आहे ही कल्पना त्याला शिवलेली नसते.

आमच्या सोसायटीत हे खातं आप्पांकडे होतं. आप्पा बँकेतून निवृत्त झालेले, आणि गाडी म्हणजे २००४ सालची झेन, पेट्रोल, पासिंग एमएच-०४. झेनचं उत्पादन २००६ मध्ये थांबलं. कंपनीने गाडी बनवणं बंद केलं की बाकीच्या जगात तिचा भाव उतरतो, पण आप्पांकडे चढला. “आता मिळणार नाही ही,” असं ते म्हणत. मागायला कोणी आलेलं नसे, हा भाग वेगळा.

“गाडी कशी आहे आप्पा?”

“चालू कंडिशन.”

“म्हणजे चालते?”

“बॅटरी टाकली की चालेल. टायर बदलावे लागतील. उंदरांनी वायरिंग थोडं खाल्लंय. बाकी गाडीला हात लावायची गरज नाही.”

पूर्वी दर रविवारी सकाळी आप्पा गाडी ‘सुरू करून ठेवत’. खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी उठवून, त्याच्या बॅटरीला वायरी जोडून, ती घरघरायला लागली की पाच मिनिटं डोळे मिटून ऐकत आत बसत. पुढे ती घरघरायची थांबली. आप्पांचं बसणं चालू राहिलं. काच खाली करून ते आतूनच येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. एकदा नवीन वॉचमनने, साहेब बाहेर निघालेत असं समजून, धावत जाऊन गेट उघडलं होतं.

दसऱ्याला मात्र सगळं यथासांग. कव्हर निघे, गाडी धुतली जाई, झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि चारी चाकांखाली चार लिंबं. इतरांच्या गाड्या लिंबं चिरडून पुढे जात. आप्पांची लिंबं दुसऱ्या दिवशी काकू खाली येऊन उचलून नेत आणि सरबताला वापरत.

गाडीपेक्षा तिची फाइल जास्त धावलेली होती. गिऱ्हाईक आलं की आधी फाइल. शोरूमचं मूळ बिल, कर्ज फिटल्यावर आरसीवरून एचपी उतरवल्याचा कागद, प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, सगळ्या विमा पॉलिसी वर्षवार, पीयूसीच्या चिठ्ठ्या टाचणी लावून. बँकेत इतक्या वर्षांची सवय. कागद हरवणं आप्पांच्या रक्तात नाही. फाइलीत सगळं होतं. फक्त आज लागू असलेला एकही कागद नव्हता.

ते कसं झालं हे ऐकण्यासारखं आहे, कारण त्यात आप्पांचा दोष वाटतो तेवढा नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी ती गाडी आरटीओत नेऊन, निरीक्षकाला दाखवून, नवीन करून घ्यायची. आप्पांची मुदत २०१९ मध्ये भरली. तेव्हा पर्यावरण कराचे ३,००० रुपये आणि थोडीशी फी एवढ्यात भागलं असतं. पण गाडी विकायचीच आहे, तर आपण कशाला भरा? घेणारा भरेल. गाडी बाहेर काढायची नाही म्हणून विमा थांबवला, विमा नाही म्हणून पीयूसी राहिलं. मग करोना आला आणि सगळ्यांच्याच गाड्या उभ्या राहिल्या. ती दोन वर्षं आप्पांच्या आयुष्यातली सगळ्यात समाधानाची असावीत.

एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली आणि उशिराला महिन्याला ५०० रुपये दंड लागला. इथे पेच पूर्ण झाला. नोंदणी संपलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नावावर करायची तर आधी पासिंग. पासिंगला गाडी आरटीओत न्यायची. नेताना रस्ता लागतो, आणि नोंदणी नाही, विमा नाही, अशी गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा. उपाय एकच, टोचन लावून नेणं. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं: “माझी गाडी दुसऱ्या कुणाच्या मागे बांधून जाणार नाही.” अभिमान शिल्लक होता. मग तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी केंद्राने फी १०,००० केली. मला वाटलं आप्पा खचतील. ते वर्तमानपत्र घेऊन आमच्या दारात आले. “बघ, सरकारसुद्धा आता दुप्पट धरतंय हिला.” आणि त्यांनी त्या दिवशी गाडीचा भाव वाढवला.

गिऱ्हाइकं येत नसत असं नाही. पण आप्पांकडे गाडी दाखवण्याचा कार्यक्रम फार पुढे होता. आधी मुलाखत होई. एक तरुण आला. नुकतं लायसन्स मिळालंय, हात बसेपर्यंत जुनी गाडी हवी म्हणाला. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. “हात कुठे बसवणार? माझ्या क्लचवर?” तो गेला. एक बाई शाळेत शिकवणाऱ्या, मुलीला क्लासला सोडायला गाडी हवी होती. त्यांच्याशी आप्पा अर्धा तास फार अदबीने बोलले, पण त्यांच्याकडे गाडी रात्रभर उघड्यावर राहणार असं कळल्यावर, “विचार करून कळवतो” असं त्यांनीच बाईंना सांगितलं. विकणारा विचार करतोय हे पाहून बाई गोंधळून गेल्या.

एजंट मंडळींशी आप्पांचं पहिल्यापासून वाकडं. एकदा एक एजंट आला, सोन्याची साखळी, गॉगल कपाळावर. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सवयीने टायरला लाथ घातली. टायरमध्ये हवा नसल्याने लाथ आत रुतली आणि तो जरा तोल सावरत उभा राहिला. “पत्रा बघा, आताच्या गाड्यांना असा पत्रा नाही,” आप्पा म्हणाले. एजंट म्हणाला, “काका, पत्राच विकायचाय तर भाव वेगळा.” तरी त्याने आकडा सांगितला. वर म्हणाला, कागदाचं टेन्शन घेऊ नका, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून द्या, पुढचं आम्ही बघतो.

इथे आप्पांमधला बँकवाला उभा राहिला. मला सांगायला हवं की इथे ते शंभर टक्के बरोबर होते. गाडी दिली, पण नावावर केली नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून फिरो, अपघात झाला तर भरपाईची नोटीस ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याला येणार. आप्पांनी त्या एजंटला हे सगळं उभ्याउभ्या समजावून सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५०, विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवणं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करणं. एजंटने मध्येच गॉगल डोळ्यांवर घेतला. मी स्वतः स्कूटर विकताना हे भाषण उपयोगी पडलं. आप्पांना मात्र त्याचा एवढाच उपयोग झाला, की एक गिऱ्हाईक कमी झालं.

भंगारवाल्याने वजन विचारलं, तेव्हा दोन दिवस आप्पा कुणाशी बोलले नाहीत.

त्यांची एक लेक इंग्लंडात, स्लाउला असते. तिथेही घराच्या अंगणात एक गाडी पडून होती, आणि ती तिने विकली, हे तिने व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं. तिथे मोटारीचा कर आपल्यासारखा नोंदणीच्या वेळी एकदाच घेत नाहीत, भरत राहावा लागतो. त्यामुळे गाडी वापरायची नसेल तर सरकारला तसं कळवण्याची सोय १९९८ पासून आहे. ‘सॉर्न’ म्हणतात. गाडी स्वतःच्या जागेत ठेवायची, कर नाही, विम्याची सक्ती नाही, जाहीर करायला पैसे पडत नाहीत. फक्त ती रस्त्यावर दिसली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. आधी वेळ ठरवून तपासणीला नेण्यापुरती काय ती सूट. विकली की हे जाहीर करणं नव्या माणसाला लागू पडत नाही. त्याने आपलं पुन्हा करायचं, नाही तर कर भरून गाडी चालवत न्यायची. घेणारा आला, अंगणात उभ्याउभ्या फोनवरून विमा काढला, कर भरला, तिच्याकडून हिरवी चिठ्ठी घेतली आणि निघून गेला.

आप्पा हे ऐकून भारावले. “म्हणजे तिकडे उभ्या गाडीलाही सरकारदरबारी दर्जा आहे! मी काही करत नाही असं कळवलं की सरकार पोच देतं!” आपल्याकडे मागून घेण्यासारखा हक्क हाच, असं त्यांचं मत झालं. मग जरा वेळाने त्यांनी लेकीला विचारलं, “तो माणूस कसा होता?”

“कोण?”

“ज्याने गाडी घेतली तो.”

“माहीत नाही हो बाबा. पैसे आले.”

फोन ठेवल्यावर आप्पा काकूंना म्हणाले, “तुझ्यावर गेलीय.”

आप्पांची गाडीत भावना अडकली आहे, असंच आम्ही इतकी वर्षं समजत होतो. ही समजूत एका वार्षिक सभेत ढासळली. आमच्याकडे गाड्या जास्त, जागा कमी. उपविधीप्रमाणे पार्किंग मिळायचं तर आधी सभासदाकडे गाडी हवी, आणि जागा पुरत नसतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. सेक्रेटरींनी ‘वापरात नसलेली वाहने हटवणे’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. आप्पा उभे राहिले. “उपविधीत ‘वाहन’ असं म्हटलंय. ‘चालणारं वाहन’ असं कुठे म्हटलंय?” सभेत शांतता पसरली. मागून काकू शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “गाडी गेली तर जागा जाईल ना. मग जावई आला की गाडी कुठे लावणार?”

म्हणजे झेन ही गाडी नव्हतीच, तो रेल्वेच्या सीटवरचा रुमाल होता. ठाण्यात त्या आठ बाय सोळा फुटांच्या जागेची किंमत गाडीपेक्षा किती तरी पट. हे लक्षात घेतलं तर आप्पांचं एकही वागणं वेडगळ राहत नाही. गिऱ्हाइकाला न परवडणारा भाव सांगणं, मुलाखतीत नापास करणं, टोचनला नकार. सगळं हिशेबात बसतं. मला तेव्हापासून त्यांच्याबद्दल आदरच वाटू लागला. शंका एवढीच की जावई येई तेव्हा त्याची गाडी बाहेर रस्त्यावरच लागे, कारण जागेवर झेन असे.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. आप्पांनी विकासकाशी झालेला करार आम्हा सगळ्यांच्या वतीने ओळ न् ओळ वाचला आणि एका कलमापाशी पेन्सिलीने खूण केली: प्रत्येक जुन्या सभासदाला नव्या इमारतीत एक पार्किंग. गाडी असो वा नसो. करार नोंदला गेला त्या संध्याकाळी आप्पा खाली जाऊन कव्हराची घडी घालताना दिसले. तरी शेवटच्या सभेत त्यांनी प्रश्न टाकलाच, की बांधकाम होईपर्यंत माणसांना घरभाडं मिळतंय तसं गाडीला का मिळू नये. विकासकाच्या माणसाने ते गंभीरपणे टिपून घेतलं.

सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राची क्रेन आली. पैसे वजनावरच मिळाले, पण पावती छापील होती, त्यामुळे आप्पांना ते भंगार वाटलं नाही. दुसऱ्यांच्या मागे बांधून नाही, ट्रकवर चढून गेली, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. सोबत एक प्रमाणपत्र मिळतं, ठेव प्रमाणपत्र. ते दाखवलं की नवी गाडी घेताना करात सवलत. आप्पांना नवी गाडी घ्यायची नव्हती. पण हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं, असं नियमातच आहे.

परवा त्यांचा फोन आला. आता ते घोडबंदर रोडला भाड्याने राहतात.

“तुझ्या ऑफिसात कोणी नवी गाडी घेतंय का रे? सर्टिफिकेट द्यायचंय. एकदम क्लीन. फर्स्ट ओनर.”

एक सहकारी घेणार होता, त्याला घेऊन गेलो. आप्पांनी नवी फाइल काढली, चहा सांगितला, आणि गाडी कुठल्या रंगाची घेणार ते विचारलं.

“पांढरी.”

“बरं. आणि लावणार कुठे? स्टिल्टखाली का उघड्यावर?”

“उघड्यावर,” तो म्हणाला.

आप्पांनी फाइल बंद केली. “ठीक आहे,” ते म्हणाले, “मी विचार करून कळवतो.”