चिलमीवर शाकारलेली शाळा

कोलोरॅडोत कर वाढवायचा तर आधी मतदारांपुढे पदर पसरावा लागतो. १९९२पासून राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. नोव्हेंबर २०१३मध्ये शाळांसाठी तो पसरला गेला. सरसकट ४.६३ टक्के असलेला आयकर ७५ हजार डॉलरपर्यंत ५ टक्के, त्यावरच्या कमाईवर ५.९ टक्के, आणि त्यातून शाळांना वर्षाला सुमारे ९५ कोटी डॉलर. जवळजवळ दोन-तृतीयांश मतदारांनी ‘नको’ म्हटलं. शिक्षण अनमोल असतं ना, मग त्याचं मोल कशाला द्या!

त्याच दिवशी आणखी एक कौल होता: गांजावर १५ टक्के उत्पादन शुल्क, शिवाय १० टक्के विक्रीकर. त्या शुल्कातले दरवर्षीचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या बांधकामाला. याला मात्र जवळजवळ तेवढ्याच मतदारांनी हौसेने ‘हो’ म्हटलं.

हिशेब चोख आहे. मास्तरचा पगार माझ्या खिशातून, म्हणून नको. छपराची गळती शेजाऱ्याच्या चिलमीतून थांबते, म्हणून हवी. आता ‘नशेचे दुष्परिणाम’ हा धडा शिकवताना मास्तरांनी तेवढं वर बघू नये.